रेषेबाहेरचा ठिपका

वाक्य अर्ध्यावर आलं होतं आणि मध्येच एक चौकोनी कंस उघडला. कंसात लिहिलं होतं, 'इथे टोल. पाच तरी. नाहीतर सर सोडणार नाहीत.' मग कंस मिटला आणि वाक्य, मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात, द्रवातल्या रेणूच्या थरथरण्याबद्दल पुढे बोलू लागलं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. कंस जागच्या जागी होता. दुपारची वेळ होती, जेवण नुकतंच झालं होतं, खाली आवारात कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी एकसारखी टीं टीं करत होती. त्याला आधी वाटलं, कुठल्यातरी दुसऱ्याच कागदातली ओळ चुकून इथे शिरली आहे. टोल म्हणजे रस्त्यावरचा. मग त्याने पुढचं वाचलं. कंसाच्या पाठोपाठ पाच आकडे होते, आणि शेवटच्या पानांवर त्या आकड्यांपुढे जे पाच संशोधनाचे पेपर होते ते पाचही त्याचे होते. सर कोण, हे विचारायला त्याला कुठे जावं लागलं नाही.

असं होतं कधीकधी. लिहिणारा माणूस लिहितालिहिता स्वतःसाठी खूण करून ठेवतो, इथे आकृती घाल, इथे आकडा तपास, आणि पाठवायच्या घाईत एखादी खूण पुसायची राहून जाते. त्याच्या स्वतःच्या एका पेपरात 'हे खरं आहे का बघ' एवढे शब्द तसेच छापून आले होते. तो पेपर पुढे दीडेकशे जणांनी संदर्भाला घेतला, पण त्या शब्दांबद्दल एकानेही विचारलं नाही. तेव्हा त्याला ते आपलं नशीब वाटलं होतं. आज खुर्चीत बसल्याबसल्या पहिल्यांदाच त्याला त्याचा दुसरा अर्थ लागला: तो पेपर कोणी वाचलाच नव्हता.

बाहेरच्या माणसाला ही रीत सांगावी लागते. पेपर छापण्याआधी जर्नलचा संपादक तो त्या विषयातल्या दोघातिघा जाणत्यांकडे तपासायला पाठवतो, आणि तपासणाऱ्याचं नाव लिहिणाऱ्याला कळू देत नाही. नाव कळत नाही म्हणून माणूस खरं बोलेल, अशी त्यामागची कल्पना. नाव कळत नाही म्हणून माणूस आणखी काय काय करेल, याची कल्पना रीत पाडणाऱ्यांना नसावी. तो कित्येक वर्षं अशा तपासण्या करत होता आणि प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक परिच्छेद ठेवून देत होता: लेखकांनी या क्षेत्रातल्या पुढील महत्त्वाच्या कामाची दखल घेतलेली दिसत नाही, ती घ्यावी. खाली पाच पेपर. पाचही स्वतःचे. लोक दखल घेत. न घेऊन सांगतात कोणाला? त्यांचा पेपर छापून यायचा, याच्या खात्यात पाच संदर्भ जमा व्हायचे, आणि सगळं कसं सुखाने चाललेलं असायचं. तोंडावर चादर ओढून घेतली की आपण कोणाला दिसत नाही असं लहान मुलांना वाटतं. त्याला ते साठीला टेकल्यावरही वाटत होतं.

टोल हा शब्द मात्र त्याने आधी ऐकला होता, आणि कुठे ऐकला हे आता आठवायला लागलं. मागच्या परिषदेत जेवणाच्या टेबलावर पाचसहा तरुण मंडळी बसली होती, हा आपला थाळी घेऊन त्यांच्यात जाऊन बसला, आणि त्यांतला एक गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सर, हल्ली टोल फार वाढलाय, नाही?" टेबलावरचे सगळे एकदम आपापल्या थाळीत बघू लागले. याला वाटलं, बोलायला विषय मिळाला. यानेच मग रस्ते, त्यांचे कंत्राटदार, खड्डे यांच्यावर चांगलं पंधरावीस मिनिटं सांगितलं, आणि मुलं हसत होती तेव्हा आपण विनोदी बोलतोय असं समजून आणखी रंगवून सांगितलं. एक मुलगी तर डोळे पुसत होती. घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलंही होतं की नवी पिढी आपल्याशी फार मोकळेपणाने बोलते. आता कान तापले. त्या टेबलावरचे चेहरे एकेक करून आठवायचा त्याने प्रयत्न केला, तर चेहरे काही आले नाहीत, नुसत्या वाकलेल्या माना आल्या.

रोज सकाळी चहाच्या आधी तो आकडा बघायचा. जगात कुठेही कोणी आपल्या पेपराचा संदर्भ दिला की आकडा एकाने वाढतो, आणि तो पडद्यावर दिसतो. "आज किती?" असं बायको स्वयंपाकघरातून विचारायची, आजाऱ्याचा ताप विचारावा तसं. "चौदा वाढले." "बरं मग." आणि चहा यायचा. दोनशेच्या वर पेपर, संदर्भ दहा हजार ओलांडून केव्हाच पुढे गेलेले. व्याख्यानाला बोलावणारे लोक आधी आकडा सांगत आणि मग त्याचं नाव, आणि नावाची वेळ येईपर्यंत टाळ्या सुरू झालेल्या असत. या दोनशेंतलं कापड कोणी मोजलं असतं तर फार तर आठदहा पेपरांचं निघालं असतं. पण तो शिंपी उत्तम होता. एका सदऱ्याच्या कापडातून पाच रुमाल काढायचे, पाच वेगवेगळ्या दुकानांत ठेवायचे, आणि प्रत्येक रुमालावर बाकीच्या चार रुमालांचे पत्ते लिहायचे. हे तो कोणापासून शिकला नव्हता. सगळेच करत होते. त्याच्याइतकं मन लावून कोणी करत नव्हतं, एवढंच.

कंस लिहिणारी कोण हेही उघड होतं. पेपरावर एकटीचं नाव होतं, आणि ती त्याची विद्यार्थिनी होती. विद्यार्थ्याचा पेपर त्याच्या गुरूने तपासू नये असा दंडक आहे, पण काही वर्षं उलटली की तो सुटतो, आणि संपादक याच्या ओळखीतला होता. ती आली तेव्हा कोपरापर्यंत बाह्या दुमडलेली एक काटकुळी मुलगी होती आणि तिला प्रत्येक गोष्टीत शंका यायची. त्याने तिचं नाव शंकासुर ठेवलं. सगळी प्रयोगशाळा तिला त्याच नावाने हाक मारू लागली आणि तीही ओ देऊ लागली. एकदा तिने विचारलं होतं, "सर, हे चौथ्यांदा तेच नाही का होत?" तो म्हणाला, "तेच नाही. तापमान वेगळं आहे." "पण उत्तर तेच येतंय." "अगं शंकासुरा, पुन्हा पुन्हा तेच उत्तर आलं तर तो गुण असतो. लिहून टाक." तिने लिहून टाकलं. पहिलं नाव त्याचं, दुसरं तिचं. रुमाल छान झाला होता.

आता ती दुसऱ्या एका विद्यापीठात हंगामी होती, दर वर्षी नव्याने अर्ज करणारी. गेल्याच महिन्यात तिचा फोन आला होता. "सर, हा एक पेपर लागला की कायम करणार आहेत मला. तोंडी तसं सांगितलंय." तिचा आवाज एवढा मोकळा त्याने कधी ऐकला नव्हता. "होईल गं," तो म्हणाला होता. त्याला असं म्हणायला आवडायचं. आणि त्याच सुमारास कधीतरी, आपल्या खोलीत एकटी बसून, तिने हा कंस लिहिला असणार. त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की एकटी असताना, स्वतःशी बोलतानासुद्धा तिने 'सर' म्हटलं होतं. बोका म्हटलं असतं, म्हातारा म्हटलं असतं, तर निदान सरळ राग तरी आला असता. हे म्हणजे पायावर डोकं ठेवताठेवता कोणी आपल्या चपलेला घाण लागलीय असं सांगावं तसं होतं.

त्याने अहवाल तिथेच लिहून मोकळं व्हावं असं ठरवलं आणि पुढची पानं भराभर उलटली, आणि सहाव्या का सातव्या पानावर तो थांबला. तिथे त्याचाच आणखी एक पेपर होता, पण तो टोलच्या पाचांतला नव्हता. तो त्याचा पहिला पेपर होता. तीस वर्षांहून जुना. तिने लिहिलं होतं: 'त्या लेखकाने सगळ्यात थंड तापमानाचा बिंदू रेषेबाहेर तसाच ठेवला आणि याचं स्पष्टीकरण आपल्याजवळ नाही असं खाली छापलं. आज कोणी असं छापत नाही. प्रस्तुत काम त्या एका बिंदूपासून सुरू होतं.' त्याने ते तीनदा वाचलं. खालची गाडी केव्हाच निघून गेली होती आणि खोलीत आता फक्त भिंतीतल्या पाइपातून पाणी जात असल्याचा आवाज होता.

तळघरातली प्रयोगशाळा होती आणि तो पंचविशीतला होता. काचेच्या नळीत एक द्रव, त्यावर प्रकाशाचा एक झटका. रेणू थरथरू लागतो, आणि मग आपली थरथर शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून शांत होतो. किती वेळात शांत होतो, एवढंच मोजायचं. द्रव जितका थंड तितका वेळ जास्त. ठिपके एकामागून एक शहाण्यासारखे रेषेवर येऊन बसत होते, आणि सगळ्यात थंड ठिपका बसेना. तिथे रेणू एकदम झटकन शांत होत होता. जणू त्याला कोणी जवळचं माणूस भेटलं होतं. त्याचा गुरू वर आपल्या खोलीत होता. त्याने आलेखाकडे उभ्याउभ्या पाहिलं आणि म्हणाला, "ओलावा राहिला असेल. पाण्याचा अंश राहिला की असंच होतं. काढून टाक तो ठिपका." याने नळी ज्योतीवर तापवली, पंपाने हवा ओढून घेतली, द्रव पुन्हा वाळवला, पुन्हा मोजलं. ठिपका तिथेच. पुन्हा वाळवलं, पुन्हा मोजलं. बोटं पोळली, त्यांवर पट्ट्या बांधून मोजलं. ठिपका केसभरही हलला नाही. ओलावा असता तर प्रत्येक वाळवणीनंतर तो थोडा तरी सरकला असता. सरकला नाही, म्हणजे ओलावा नाही. हे त्याला त्या पोळलेल्या बोटांनी कळलं होतं आणि त्या वेळी त्याला इतका आनंद झाला होता की तो तळघराच्या जिन्यावर जाऊन नुसता बसून राहिला होता. गुरू म्हणाला, "तू तो ठिपका ठेवणार असशील तर माझं नाव काढ." याने नाव काढलं. म्हणून तो पेपर त्याचा एकट्याचा. आयुष्यात एकट्याचा असा तो एकच. वाळवणीची सगळी हकीकत त्याने त्यात लिहिली होती, पण संपादकाने जागा नाही म्हणून तेवढाच भाग कापला. पुढे कोणी त्या पेपराकडे फिरकलं नाही. त्याला एकूण नऊ संदर्भ मिळाले होते आणि त्यांतले पाच त्याने स्वतःच दिले होते. वर्षभराने नोकरीसाठी मुलाखत झाली तेव्हा समोरच्या माणसाने विचारलं, "एकच पेपर?" त्यानंतर त्याच्या कुठल्याही आलेखात एकही ठिपका रेषेबाहेर राहिला नाही.

आणि या पोरीने तो वाचला होता. नुसता वाचला नव्हता, त्या ठिपक्यामागे जाऊन तिने तो रेणू गाठला होता. तेवढ्या थंडीत शेजारचे रेणू एका विशिष्ट रचनेत लागतात आणि त्या रचनेतून थरथर सरळ लांबवर निघून जाते, हे तिने मांडलं होतं, मोजलं होतं, आणि ते बरोबर होतं. वाचतावाचताच ते बरोबर आहे हे त्याला दिसत होतं. ठिपका खरा होता, त्याची रेषा चुकीची होती. तीस वर्षांत कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नव्हता असं नाही, पण ठेवणाऱ्याचं लक्ष नेहमी आकड्याकडे असायचं. हा हात त्या जिन्यावर बसलेल्या मुलाच्या पाठीवर पडला होता.

त्याने आनंदाने खुर्ची मागे सारली, उठला, खिडकीपर्यंत गेला, आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत आनंद संपला. हाही टोलच असला तर? पाच पेपर तर ठरलेलेच, वर हा गोड शब्दांचा हार. नाक्यावर नोट पुढे करताना लोक आतल्या माणसाला विचारतात ना, काय दादा, ऊन फार आहे, पाणीबिणी मिळतं का इथे? त्या दादाला वाटतं, माणूस चांगला आहे. माणसाला फक्त दांडा लवकर वर जायला हवा असतो. तिला माहीत होतं की पेपर त्याच्याकडे येणार. मग ज्या म्हाताऱ्याला आपण पाच नोटा देतोय त्याला तरुणपणच्या फोटोचं कौतुकही करून टाकावं, असं तिने ठरवलं नसेल कशावरून? त्याने पान पुन्हा वाचलं. आता प्रत्येक शब्द दोन्ही बाजूंनी वाचता येत होता. 'आज कोणी असं छापत नाही.' हे कौतुक की टोमणा? तो इतकी वर्षं लोकांकडून पट्टी लावून कौतुक वसूल करत आला होता, त्यामुळे न मागता मिळालेलं कसं दिसतं ते त्याला ओळखता येईना.

घरी जेवताना त्याने बायकोला विचारलं, "मी लग्नानंतर पहिल्यापहिल्यांदा एका ठिपक्याबद्दल सांगायचो, आठवतं का गं तुला?"

"कसला ठिपका?"

"अगं, तळघरात होतो तेव्हा. बोटं भाजली होती."

"बोटं भाजली होती ते आठवतं. मीच पट्ट्या बांधायचे." ती विचार करत जेवत राहिली. "तुम्ही घरी येऊन खूप वेळ काहीतरी सांगायचात. मला कळत काही नव्हतं, पण मी ऐकत बसायचे. तेव्हा तुम्ही बरे होतात."

"आणि आता?"

"आता आकडा सांगता." तिने ताट उचललं. "वाढतोय ना? मग झालं की."

तिला टोचून बोलायचं नव्हतं. ती खरोखरच चौकशी करत होती. त्याला हे माहीत होतं, म्हणून त्याला तिचा राग आला, आणि तिचा राग करण्यात अर्थ नव्हता म्हणून तो राग तसाच हातात धरून तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेला आणि अहवाल लिहायला बसला.

सुरुवातीला तो फक्त कंसाबद्दल लिहिणार होता. मग वाटलं, कंसाचा उल्लेखच केला नाही तर ती घाबरेल, की वाचलाय, पण बोलत नाहीत. ते छान होतं. मग त्याला सुचलं की टोलही मागू नये. शेवटचा परिच्छेद लिहूच नये. ज्या अहवालात टोल मागितलेला नाही तो अहवाल त्याचा असणं शक्यच नाही, असं ती समजेल. ती समजेल, सगळेच समजतील. हे सुचलं तेव्हा त्याला एक विलक्षण मोकळेपणा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो खरोखर अदृश्य झाला होता. आणि मग पेपरात दुसरा कुठलाही दोष सापडेना, तेव्हा त्याच्या बोटांनी आपसूक ते वाक्य लिहिलं: 'नमुन्यात पाण्याचा अतिसूक्ष्म अंश राहिला असल्यास अगदी हाच परिणाम दिसेल. लेखिकेने ही शक्यता निर्णायकपणे दूर केलेली नाही.' पुढे दोन पानं त्याने त्या ओलाव्यावर लिहिली. किती अंश पुरतो, तो कुठे लपतो, कुठल्या उपकरणाला दिसत नाही. हे लिहिताना त्याला आपल्या गुरूचा आवाज ऐकू येत होता, पण गुरूपेक्षा त्याची भाषा चांगली होती. पाणी शंभर टक्के नाही असं जगात कोणालाच दाखवता येत नाही. ते फक्त नळी पुन्हा पुन्हा वाळवून, ठिपका सरकतो का बघून ठरवता येतं, आणि ते ज्याने केलं होतं तो हा अहवाल लिहीत होता. शेवटी त्याने लिहिलं, पेपर छापू नये. मग सगळं एकदा वाचून काढलं. कुठेही कडवटपणा नव्हता. एक स्वल्पविराम हलवला आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या तपासणाऱ्याने एका ओळीत छापावा असं कळवलं होतं. संपादकाने एका ओळीपेक्षा दोन पानांवर विश्वास ठेवला.

ती आली तेव्हा हिवाळा सरत आला होता. न कळवता आली, दारात उभी राहिली, बाह्या तशाच दुमडलेल्या. तो म्हणाला, "ये गं शंकासुरा, बस." ती बसली पण हसली नाही. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि ती पिशवीचे बंद एकमेकांत गुंतवत होती.

"सर, तुम्हाला एक सांगायचंय. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते."

"सांग की."

"मी एक पेपर पाठवला होता. त्यात तुमच्याबद्दल एक ओळ राहून गेली. पुसायची राहिली. चांगली नव्हती ती."

"काय होती?"

त्याला माहीत होतं. पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "टोल असं लिहिलं होतं. तुमचे रेफरन्स घालायचे, त्याला."

"टोल," तो म्हणाला, शब्द नवा असल्यासारखा.

"सगळेच म्हणतात, सर. म्हणजे माझी चूक आहेच. सगळे म्हणतात म्हणून मी म्हणायला नको होतं."

"सगळे म्हणतात?"

"हो."

त्याने काही वेळ तिला तसंच राहू दिलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग तो म्हणाला, "जाऊ दे. मनाला लावून घेऊ नकोस," आणि क्षमा करण्यातला गोडवा त्याच्या अंगभर पसरला. खूप दिवसांनी त्याला असं बरं वाटत होतं. तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"मला आधी वाटलं, पेपर तुमच्याकडेच गेला असणार. झोप लागली नाही मला. मग रिपोर्ट आला आणि कळलं की तुम्ही नव्हतात."

"ते कसं कळलं?"

ती अडखळली. "त्या माणसाने एकही रेफरन्स मागितला नव्हता."

तो हसला. तीही कशीबशी हसली. मग त्याने जागेचं काय झालं ते विचारलं. जागा दुसऱ्याला दिली होती. ती पुढच्या आठवड्यापासून रंगाच्या कंपनीत लागणार होती. "रंग किती वेळात वाळतो ते बघायचं," ती म्हणाली. "तिथेही आलेख काढावे लागतात म्हणे."

"आणि पेपर? दुसरीकडे पाठव की."

हे तो बोलून गेला आणि आपल्याला ते खरंच हवंय हे त्याला बोलल्यावर कळलं. तो पेपर छापून यावा, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या जर्नलात का होईना, आणि त्यात ते वाक्य असावं.

"काय पाठवणार, सर? रिव्ह्यूअर म्हणतो ओलावा असेल. मी सगळं पुन्हा तपासलं. नाहीच असं नाही म्हणता येत. खरंच नाही म्हणता येत." तिने पिशवीचे बंद सोडवले. "मग तुमचा तो जुना ठिपकासुद्धा ओलाव्याचाच म्हणायचा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते. मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ना, ते तो ठिपका वाचूनच आले होते. लायब्ररीत जुने अंक चाळताना सापडला. वाटलं, ज्या माणसाने हा काढून टाकला नाही त्याच्याकडे शिकायचं."

त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि ठेवली. म्हणजे तो टोल नव्हता. ती पाच वर्षं इथे, या खोलीत, त्या ठिपक्याची वाट बघत बसली होती आणि तो तिच्याकडून रुमाल शिवून घेत होता. तिने कधी विचारलंही असेल. शंकासुरच ती, विचारलं असणारच. त्याला आठवेना.

"सर, एक विनंती होती." तिने पिशवीतून दोन कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. कडा मऊ पडल्या होत्या, ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. "रिपोर्ट आहे. तुम्ही एकदा वाचता का? तुम्ही तेव्हा स्वतः मोजलं होतं. हा माणूस चुकतोय असं तुम्ही म्हणालात तर मी अजून एकदा पाठवीन. कंपनीला सांगेन, थोडं थांबा. तुम्ही एवढं म्हणा फक्त."

तो वाचू लागला. एक वाक्य पुरलं असतं. मी ती नळी वाळवली होती, पुन्हा पुन्हा वाळवली होती, ठिपका हलला नव्हता. एवढं म्हटलं की ती धावत जिना उतरली असती. समोर ती ओठ दाबून बसली होती आणि तो वाचत होता, पहिलं पान, दुसरं पान, आणि वाचतावाचता त्याच्या लक्षात आलं की अहवाल फार चांगला लिहिलाय. एकही शब्द फालतू नव्हता. इतकी वर्षं त्याने जे काही लिहिलं होतं त्यातलं कोणी असं मऊ पडेपर्यंत हाताळलं नव्हतं, ओळीओळीखाली रेघा मारून वाचलं नव्हतं. तिला यातली काही वाक्यं पाठ असणार. तो शेवटापर्यंत गेला, पुन्हा मागे येऊन ओलाव्याचं वाक्य वाचलं, आणि कागद जुळवून तिच्याकडे सरकवले.

"माणूस अभ्यासू दिसतो," तो म्हणाला.

तिने मान हलवली, कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि उठली.

"मलाही तसंच वाटलं, सर."